गावंडेभाऊंचे इन, ऑन, अ‍ॅट

आमच्या ऑफिसात किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. दुपारी डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "त्या दिवशीचं सांग ना," आणि भाजी संपेपर्यंत त्यात आणखी दोनांची भर पडलेली असते.

नांदगाव पेठेत शर्ट शिवणारी आमची कंपनी. मी अकोल्याची, बी. कॉम. झालेली. बाहेरच्या पार्ट्यांशी मेलवर बोलणं हे माझं काम. मागच्या वर्षी हेड ऑफिसने हुकूम काढला की यापुढे प्रत्येक डिपार्टमेंटने आपापले मेल इंग्रजीत लिहायचे. स्पेलिंग तर मोबाइल सुधारून देतो. पण वस्तू नेमकी कुठे आहे, इन, ऑन की अ‍ॅट, तिथे मोबाइलही हात टेकतो. मग सगळी वरात माझ्या टेबलाशी.

* * *

पहिले विद्यार्थी गावंडेभाऊ. स्टोअरचे असिस्टंट, चांदूर बाजारचे, वय त्रेपन्न. मी समोरचा डबा ओढला आणि एक लिंबू घेतलं. लिंबू आत ठेवलं, "इन द डबा." झाकणावर ठेवलं, "ऑन द डबा." मग म्हटलं, "समजा, माझा डबा घरी राहिला. तर तो अ‍ॅट होम."

भाऊंनी मन लावून वहीत उतरवून घेतलं. मग डब्याकडे निरखून पाहिलं.

"मॅडम, तुमचा डबा अ‍ॅट होम. मंग हा कोनाचा उचलला?"

त्यांचाच होता.

* * *

मे महिना. हेड ऑफिस सकाळपासून विचारत होतं, ट्रक निघाला का. शेवटी भाऊंनी कोणालाही न विचारता स्वतःच मेल टाकला: "ट्रक अ‍ॅट गेट. ड्रायव्हर अंडर ट्रक."

दोन मिनिटांत मुंबईहून फोन. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली का? त्याच्या घरच्यांना कळवलं का? मॅनेजर साहेब पळत गेटवर, त्यांच्या मागे मी. बघतो तर ड्रायव्हर ट्रकखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत, चादर अंथरून घोरत होता.

साहेब भाऊंवर असे तापले की विचारू नका. भाऊ मात्र गार.

"साहेब, काहून रागावता? वाकून पाहा. अंडरच हाय."

वाक्य बरोबर आहे, हे साहेबांना मलाच सांगावं लागलं.

* * *

एकदा माल तपासायला चेन्नईहून इन्स्पेक्टर आले. गृहस्थ शब्दाचे पक्के. बडनेरा स्टेशनवर उतरले आणि त्यांनी फोन केला. भाऊ गाडी घेऊन निघालेच होते. म्हणाले, "सर, स्टँड इन द रोड. आय अ‍ॅम कमिंग."

भाऊ पोचले तेव्हा पाहुणे रस्त्याच्या मधोमध, बॅग छातीशी धरून उभे. ऑटो दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते.

एक ऑटोवाला भाऊंना म्हणाला, "काका, तुमचा पाहुना हाय का हा? बाजूले व्हा, बाजूले व्हा म्हनून आमी थकलो. हा एकच म्हंते, 'गावंडे टोल्ड.'"

* * *

दुसऱ्यांचंच काय सांगायचं. परदेशातल्या पार्टीचा मेल आला की जादा बटणाची पुडी इन द पॉकेट हवी. घाईत मी पॅकिंगला सांगून टाकलं, "खिशावर लावा." सकाळभर बायकांनी पुड्या खिशावर टाचल्या. दुपारी फोटो पाठवला, तर पार्टीचं उत्तर एका शब्दाचं: "इन."

संध्याकाळी माल न्यायला गाडी लागणार आणि खोकी तर सगळी चिकटवून तयार. मी खोक्यांमध्येच बसून रडायला लागले.

पॅकिंगच्या शीलाताई, शिक्षण सातवी, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "रडून काय होते? ऑनचं इन करून टाकू."

सगळ्या बायका बसल्या, भाऊ बसले, साहेबही बाह्या वर करून बसले. गाडी लागली तेव्हा शेवटची पुडी आत जात होती.

"आता तुमी घरी जा," शीलाताई म्हणाल्या. "अन् यापुढं खिशाचं काही असलं तं पयले मले इचारत जा."

* * *

आता भाऊ स्टोअरचे इन्चार्ज आहेत. ही पोस्ट इंग्रजीपायी त्यांच्या हातून दोनदा गेली होती, म्हणून तिसऱ्या मुलाखतीला त्यांनी पंधरा दिवस तयारी केली. इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मुलाखत घ्यायला हेड ऑफिसच्या मोठ्या मॅडम. फाइली द्यायला शेजारी मी.

मॅडमनी विचारलं, "मिस्टर गावंडे, व्हेअर डू यू सी युवरसेल्फ इन फाइव्ह इयर्स?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीत पाहिलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, आणि मग एकेक शब्द जागेवर ठेवत बोलले.

"अ‍ॅट चांदूर बाजार, मॅडम. इन माय वावर. ऑन बाज. बाज इन सावली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. शेतातली ती खाट तिथेच दिसत असावी, तसं खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "इज देअर स्पेस फॉर वन मोअर बाज?"

भाऊंनी नीट विचार केला.

"येस मॅडम. बट नॉट बिसाइड. बिसाइड, माय मिसेस. यू, ऑपोझिट."