'पोरगी पसंत हाय,' ते खेकसले

आमच्या घरात कुणी नुसतं 'म्हणत' नसे. दोष वडिलांचा, म्हणजे आप्पांचा. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत रोज जेवणं झाली, की मी त्यांना जुनी विनोदी पुस्तकं वाचून दाखवायची. त्या पुस्तकांत माणसं खेकसतात, फणकारतात, फुरंगटून पुटपुटतात. यातला एक शब्द गाळला, की आप्पा लगेच, "अगं, कसं म्हणाला ते सांग! आवाजाशिवाय माणूस दिसतो होय?" आणि मग ठसका लागेपर्यंत हसायचे. आज आप्पा नाहीत. ती पुस्तकं उघडली, की दोन पानांपुढे वाचवत नाही मला.

पुढे आप्पांना कमी ऐकू यायला लागलं. ताईला पाहून गेलेल्या सायखेड्याच्या पाहुण्यांचा फोन आला, तेव्हा नेमकं त्यांचं कानाचं यंत्र दुरुस्तीला! ताई दाराआड जीव मुठीत धरून उभी (मुलगा तिला जाम आवडला होता). फोन माझ्या हातात. मुलाच्या वडिलांचा जन्म शेतात हाका मारण्यात गेलेला. त्यांच्या साध्या "हॅलो"नेच माझा कान बधिर!

मी आप्पांच्या कानाशी ओरडले, "'पोरगी पसंत हाय,' ते खेकसले!"

"पसंत आहे तर खेकसायचं कशाला?" आप्पा चिडले. "विचार, मागणं काय आहे?"

"'आमाला काय बी नको,' ते गुरगुरले!"

"गुरगुरले? म्हणजे यांच्या मनात काहीतरी आहे!"

मी इमानदारीत फोनमध्ये सांगितलं, "'तुमच्या मनात आहे तरी काय?' आप्पा दातओठ खात म्हणाले."

पलीकडून उत्तर आलं.

"'आमचं काय चुकलं?' ते गरजले!" (खरं तर बिचारे रडवेले झाले होते, पण त्यांचं रडवेलं होणंही तसंच.)

"ठेव तो फोन!"

ठेवला. (तेवढं एकच काम मी क्रियाविशेषण न लावता केलं.)

"पुस्तक वाचत होतीस का गं भवाने?" ताई हुंदके देत माझ्या अंगावर धावून आली. रात्री ती जेवली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी गल्लीत मोटरसायकल थांबली. "ओ आप्पासाहेब! पोरगी लय पसंत हाय! आमचं चुकलं काय, तेवढं सांगा!" भाजीबाजारापर्यंत बातमी गेली. आणि यंत्र नसताना आप्पांना शब्दन् शब्द ऐकू आला! ते अनवाणीच जिना उतरले आणि पाहुण्यांना मिठी मारून म्हणाले, "अहो, किती मऊ बोलता तुम्ही!" ताई रडता रडता हसायला लागली.

पुढे माझ्या लग्नाची बोलणी निघाली. फोनवर बोलायला आप्पांनी खास सायखेड्याहून ताईच्या सासऱ्यांना बोलावलं, आणि मला स्वयंपाकघरात घालून बाहेरून कडी!