वाकून बघून घेतलेला कोट

मुरबाडच्या बाजारपेठेत एका दुकानात मी कमरेतून वाकून उभी होते आणि बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. तिथूनच सांगते. अंगात पुरुषाचा पावसाळी कोट, हात खाली फरशीकडे, आणि आमचे हे बाजूला अवघडून उभे. कोट त्यांच्यासाठी घ्यायचा होता, पण पारखत मी होते.

आमचं गाव धसईच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला. घरामागून एक जुनी वाट घाटमाथ्यावर चढते. नव्वद सालानंतर कल्याण-डोंबिवलीकडची माणसं पाठीवर सॅक बांधून ती वाट चढायला यायला लागली, आणि तीही नेमकी भर पावसात. धुकं उतरलं की वाट दिसत नाही, म्हणून गावातलं कोणीतरी पुढे लागायचं. आमचे हे जायचे. लहानपणी गुरांमागे तुडवलेली वाट, त्यांना ती डोळे मिटून ठाऊक. अंगावर घोंगडीची खोळ असायची. घोंगडी ऊब देते, खोटं कशाला बोलू. पण चार तास पावसात राहिली की पाणी पिऊन अशी जड होते की वाळत घालायला दोघं लागतात.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना छातीचं दुखणं झालं. त्यातून उठले, पण डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "यांना भिजू देऊ नका. परत छातीत उतरलं तर ह्या वेळेसारखं निभावणार नाही." घाट सोडा म्हटलं तर हे ऐकेनात. "घरात बसून काय करू गो? तुझ्या तोंडाकडं बघत ऱ्हाऊ?" शेवटी ठरलं, घोंगडी बंद करायची आणि पाणी न शिरणारा हलका कोट घ्यायचा.

दुकानदाराने दोन काढले. एक आखूड, कमरेपर्यंतचा, पातळ कापडाचा, पुढे चेन आणि डोक्याला टोपी जोडलेली. घडी केली तर पिशवीच्या कोपऱ्यात मावेल एवढा. ह्यांनी तो घातला, दोन्ही हात वर केले, मान इकडेतिकडे फिरवली. म्हणाले, "हा बरा. अंगावर काय हाय असं वाटतच नाय." दुसरा लांब, पोटऱ्यांपर्यंत येणारा, चांगला घेरदार. तोही जड नव्हता.

मी आधी आखूड घातला आणि वाकले. वाकल्याबरोबर तो वर सरकला नि कंबर उघडी पडली. मग लांब घातला. वाकले. पाठ, कंबर, मांड्या, सगळं झाकलेलं.

"काकू, आवणी इथंच उरकताय काय?" दुकानदार म्हणाला. "सांगा, चिखल करून देतो."

"चिखल कशाला करतोस? तुझं छप्पर गळतंय तेवढं पुरे," मी म्हटलं. सगळे हसले, हेही हसले.

आमच्याकडे बाईचा पाऊस पाठीवर पडतो. आवणीचे दिवस आले की सकाळपासून ओणवं राहून भाताची रोपं लावायची, आणि बांबूच्या काड्या नि पानं विणून केलेलं इरलं डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी इरलं घेताना सासूने बाजारात मला चारचौघांत वाकायला लावलं होतं. "कंबर झाकली तर घे, नायतर ठेव खाली." तेवढीच एक पारख मला ठाऊक. घाट चढणारा माणूस ओणवा नसतो, हे काही कुणी येऊन शिकवायला पाहिजे होतं असं नाही. पण नाही सुचलं. ह्यांनी आखूड कोटाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "घे, तुला पटतो तो घे. मला काय कळतं कपड्यातलं."

श्रावणातल्या एका रविवारी पाच-सहा जण आले. त्यांच्यात पन्नाशीच्या एक शाळेतल्या बाई होत्या. हे त्यांना घेऊन सकाळीच निघाले. दुपारभर नुसता वारा नि पाऊस. मी आपली निवांत, कोट आहे ना अंगावर. दिवेलागणीच्या आधी हे परत आले ते नखशिखांत भिजलेले, आणि कोट घडी करून काखेत.

"अहो, कोट काखेत कशाला?"

"गरम व्हत होतं."

"एवढ्या पावसात गरम?"

"चढ हाय तो. तू चाय टाक आधी."

तिसऱ्या दिवशी ताप भरला. धसईच्या डॉक्टरांनी मुरबाडला पाठवलं, मुरबाडहून कल्याणला. नाकाला नळी लावली होती. मी उशाशी बसून काय केलं असेल? भांडले. एवढं बघून कोट घेतला आणि तुमी तो काखेत मारून भिजलात, माझं कधी ऐकलंत तुमी? ते वर पंख्याकडे बघत राहिले. बोलायला दम पुरत नाही, असं मला वाटलं.

त्या शाळेतल्या बाई कल्याणच्याच. कळल्यावर भेटायला आल्या. व्हरांड्यात मी त्यांच्यापाशी तेच रडगाणं लावलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

खिंडीच्या खाली वाट हातभर रुंद आहे, एका अंगाला दरी. तिथे खालून वारा आला आणि कोटाच्या घेरात शिरला. कोट असा फुगला की हे दरीकडे ओढले गेले. कारवीच्या झुडपाला धरलं म्हणून राहिले. बाई म्हणाल्या, "मग त्यांनी कोट काढला आणि आम्हा सगळ्यांना नीट वर नेऊन खाली आणलं. मी म्हटलं, हा बदलून घ्या. तर म्हणाले, घरात बोलू नका, तिनं लय बघून घेतलाय."

मी पाण्याची बाटली घेऊन नळावर गेले. बाटली भरलेलीच होती.

हे वाचले. पण घाट संपला. दिवाळीनंतर त्या बाई घरी आल्या, येताना एक जॅकेट घेऊन. मुठीत मावेल एवढं. मी विचारलं, हे बघून कसं घ्यायचं, मला नीट सांगा. त्यांनी अंगणात दाखवलं. आधी पाठीला ओझं बांधायचं, मग हात वर करायचे, दगड धरतात तसे. टोपी मानेबरोबर फिरली पाहिजे, नाहीतर बाजूचं दिसत नाही. खाली दोरी ओढून घेर आवळता आला पाहिजे. काखेत हवा जायला जागा हवी, नाहीतर घामानेच माणूस भिजतो. वाकायचं त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

ह्यांनी ते जॅकेट विहिरीपर्यंत, एसटीच्या थांब्यापर्यंत घातलं. कधी ओटीवर घालून बसायचे आणि डोंगराकडे बघायचे. मी एकदा म्हटलं, "मला तेवाच का नाय सांगितलंत?" तर म्हणाले, "सांगून काय, वारा थांबला असता?" त्यानंतर तीन पावसाळे काढले त्यांनी. चौथा नाही.

आता लोकांना घेऊन माझे दीर जातात. ते जॅकेट मी त्यांना दिलं. देण्याआधी अंगणात त्यांच्या पाठीला तांदळाची पिशवी बांधली आणि हात वर करायला लावले. "वयनी, काय पोलिसात पकडून देताय काय?" ते म्हणाले. मी म्हटलं, अजून वर करा.

लांब कोट टाकला नाही. आवणीला मी तो घालते. खाचरात ओणवी होते, वरून पाऊस लागलेला असतो, आणि त्या कोटात एक थेंब शिरत नाही. पाठ, कंबर, मांड्या, सगळं कोरडं.