लाल रंगातलं शेत

माती तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मातीबाई म्हणत. बावीस वर्षं तिने खोऱ्यातल्या शेतांची माती वाळवली, कुटली, चाळली. ढेकूळ हातात कुस्करलं की अर्धं उत्तर तिला तिथेच मिळायचं.

त्या वर्षी साहेबांनी मोठं काम तिच्या गळ्यात घातलं. कुठली जमीन अशीच कसत राहिली तर आणखी वीस वर्षं टिकेल, कुठली नाही, याचा नकाशा करायचा. टिकणारी हिरवी, न टिकणारी लाल. लाल जमिनीचं कालव्याचं पाणी निम्म्यावर येणार होतं.

एकशे चौदा नंबरचा नमुना तिने तीनदा तपासला. तिन्ही वेळा क्षार तेवढेच, लालच्या हद्दीतले. शेत थोरल्या बहिणीचं होतं. आई गेल्यावर त्याच शेताच्या जिवावर बहिणीने तिला शिकवलं होतं.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "एका आकड्याने काय होतंय? कोण बघायला बसलंय?"

"मीच बसलेय ना."

तरी एकदा तिने पेन आकड्यावर टेकवलंच. पण कालव्याचं जादा पाणी असंच मुरत राहिलं, तर क्षार पसरून उतारावरची खालची चार शेतंही जाणार होती. तिने पेन ठेवलं आणि रविवारी बहिणीचं घर गाठलं.

"ताई, तुझं शेत लाल आलंय."

बहिणीने बांधाकडे बोट केलं. "कोपऱ्यात दोन वर्षं बी रुजत नाही. वाळलं की पांढरं दिसतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू काय म्हणशील, याचीच धास्ती होती."

"मी आकडा बदलणार नाही, ताई."

"बदल म्हटलं का मी?" एवढं बोलून बहीण आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

नकाशा जाहीर झाला. चार महिने बहिणीचा फोन नाही. मातीबाईने पाण्याचा निचरा होईल अशा चरांचा आराखडा काढून पाठवला. त्यालाही उत्तर नाही.

मग एका दुपारी बहिणीचाच आवाज आला. "तो चर किती खोल घ्यायचा म्हणालीस? खालचा शेजारीही खणायला आलाय."

वर्षाने तिने तिथली माती पुन्हा तपासली. क्षार जरासे उतरले होते, पण रंग बदलण्याइतके नाही. तिने लालच लिहिलं आणि बहिणीला स्वतः फोन करून सांगितलं.

"बरं," बहीण म्हणाली. "दुसरा चर कुठून काढू?"