तिसरी चकती

जांभळाच्या लाकडाच्या ओल्या भुशाचा वास आला की वेल्ह्यातल्या आमच्या दुकानातली ती दुपार आठवते. फळ्या वाकड्या कापल्या जायच्या आणि माझे सुतार चुलते दोष द्यायचे बँडसॉच्या, म्हणजे लाकूड कापायच्या पट्टा-करवतीच्या, टेबलात पात्याभोवती बसणाऱ्या चकतीला. भोक मोठं झालंय, फळी डुलते म्हणायचे. त्या दिवशी मी तिसरी नवी चकती बसवली, टेबलाशी सपाट आहे ना ते हात फिरवून पाहिलं. तरी फळी आखलेली रेघ सोडूनच गेली. चुलत्यांनी मशीन बंद केलं. "चकतीचं काय न्हाई रं. मलाच रेघ दिसंना झालीया." "पुण्याला डोळे दाखवू," मी म्हणालो. "दोनदा दावलं. आता काय व्हनार न्हाई म्हनत्यात." हल्ली मशीन मी चालवतो. ते दारात बसतात, कापलेली फळी मागून घेतात, कडेवरून बोट फिरवतात आणि परत देतात.