चहाघरातली देवखोली

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही. आईला सांगितली नाही, ती गेली तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही — ते का, हे पुढे कळेलच.

तशी मी बोलण्यात कोणाला हार जाणारी बाई नाही. माजरीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये वाढले, बाप खाणीत, नळावर भांडून पाणी भरलेलं. वर्गात मुलं माझ्या आवाजाला टरकतात. खोटं बोलणाऱ्या पोराला मी डोळ्यांवरून ओळखते म्हणून शाळेत माझी ख्याती आहे. हसू नका. म्हणजे — हसलात तरी चालेल.

कमल माझी वसतिगृहातली मैत्रीण. चंद्रपूरला आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली, ती नर्सिंगला, मी डी.एड.ला. माझी पहिली नेमणूक कुरखेड्याकडच्या एका गावात झाली, आणि ते नेमकं कमलचं माहेर निघालं. मला भाड्यानं खोली मिळेना. कमलनं तिच्या बाबांना फोन केला — "वर्षाले माई बहीणच समजा." बाबांनी पडवीतली खोली रिकामी करून दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, पोरीकडून कोणी भाडं घेते काय? चार वर्षं राहिले मी तिथे. माझ्या आजारपणात सगुणावहिनीनं, म्हणजे कमलच्या भावजयीनं, मला भरवलं आहे. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट मोजता येईल.

ते घर गोंडांचं. घरात आत एक अंधारी देवखोली, त्यांच्या पेनांची, म्हणजे कुळाच्या देवांची. तिथे फक्त त्या कुळाच्या माणसांनी जायचं. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा नाही, कारण तिचे देव बदलले. कमल लग्नानंतर माहेरी आली की त्या दारापाशी थबकायची आणि बाहेरूनच हात जोडायची. सून मात्र आत जायची, कारण सून त्या देवांची झाली. त्या घरची आणखी एक रीत होती — नवी सून आली की तांदळाच्या पिठात हात बुडवून देवखोलीच्या भिंतीवर उमटवायचा. कमलच्या आईच्या हाताची करंगळी लग्नाआधीच विळ्यानं अर्धी गेलेली होती. आई वारली, पण तिचा तो साडेचार बोटांचा हात भिंतीवर राहिला. हे मला कमलनंच सांगितलं होतं, वसतिगृहात, रडत.

मला हे सगळं ठाऊक होतं. अजाणता झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आता रेवती. डी.एड.ला माझ्याच वर्गातली, लग्न करून नागपूरला गेलेली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मोहर्लीच्या रस्त्यावर, ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी, एक चहाघर काढायचं ठरवलं. नुसती टपरी नव्हे — जंगलातल्या घरासारखं सजवलेलं, दुपारच्या सफारीला न जाणाऱ्यांनी निवांत बसून चहा प्यायचा असं. कॉलेजात ही रेवती माझ्याकडे ढुंकून बघत नसे. आता तिचे मेसेज येऊ लागले. तू तर प्रत्यक्ष त्या लोकांत राहतेस, तुझ्याइतकं कोणाला कळणार, काहीतरी अस्सल पाठव ना. आणि मी चढले की हरभऱ्याच्या झाडावर! धान साठवायच्या ढोलीचे फोटो पाठवले, सुपाचे पाठवले, पडवीचे पाठवले. ती म्हणे, हे तर सगळीकडे दिसतं गं.

मोहफुलांचे दिवस होते. रविवार. घरातली सगळी पहाटेच मोह वेचायला रानात गेली होती, आणि घर माझ्या भरवशावर. देवखोलीला कुलूप नव्हतं. कशाला असेल? त्या गावात त्या दारातून परकं कोणी आत जाईल हे कोणाच्या मनातच आलं नसतं. मी गेले. चपला काढून गेले — बघा, तेवढं मात्र भान होतं मला! एकच फोटो काढला. मोरपिसांची जुडी, घंटा, टांगलेली टोपली, आणि खाली हातांची ती रांग. रेवतीला पाठवला आणि खाली लिहिलं, फक्त तुझ्या माहितीसाठी, वापरू नकोस. तिचा लगेच अंगठा आला. वापरू नकोस म्हणायचं होतं तर पाठवला काऊन? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला तेव्हा पडला नाही. तिच्या "बापरे, काय भारी" या तीन शब्दांनी मी दिवसभर हवेत होते.

त्या हिवाळ्यात चहाघर उघडलं आणि रेवतीनं बोलावलं. मी कमलला घेऊन गेले. तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात कायम केलं होतं, म्हटलं, चल, तुला आज मोठ्या लोकांसारखा चहा पाजते. खरं सांगते, जागा सुरेख होती. बांबूच्या खुर्च्या, पळसाच्या पानावर छापल्यासारखं मेनूकार्ड, किटलीला लोकरीचं टोपडं घातलेलं. तीन मजली ताटलीत इवले इवले सँडविच आणि मोहफुलांचा केक. कमल हसून हसून बेजार — एवढ्याशा सँडविचनं कोणाचं पोट भरते बाप्पा, म्हणे. आम्ही दोघी किती दिवसांनी तशा हसलो होतो.

मग ती हात धुवायला उठली आणि आतल्या दालनाच्या तोंडाशी थांबली. ती परत येईना म्हणून मी मागे गेले. आत एक टेबल मांडलं होतं, वर लहानशी पाटी — फोटोसाठी खास कोपरा. मागे पूर्ण भिंत काळी सारवून घेतलेली. मोरपिसं, घंटा, टोपली. खाली पांढऱ्या हातांची रांग. रंगाऱ्यानं इमानानं काम केलं होतं हो, एक हात साडेचार बोटांचा काढला होता. त्या हाताला खुर्ची टेकवून एक कुटुंब केक खात होतं.

कमलनं चपला काढल्या. त्या गुळगुळीत फरशीवर, लोक बघत असताना. आत गेली नाही. उंबरठा नव्हताच तिथे, तरी ती जिथे उंबरठा असता तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "वर्षा, माया मायचा हात इथी कसा आला?"

मी म्हटलं, मले काय माहीत.

तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. नाही. अजून यायची आहे.

कमल रेवतीकडे गेली. मला वाटलं, आता रेवती माझं नाव घेणार. रेवतीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, तिकडच्याच एका बाईनं फोटो दिला, नाव सांगू नका म्हणाली. मला वाचवलं तिनं! माझा शब्द तिनं मोडला होता, माझा विश्वासघात केला होता, मला कमलसमोर अशी उभी केली होती — आणि तरी त्या क्षणी मला तिचे उपकार वाटले. कितीतरी वर्षं मी मनात रेवतीलाच शिव्या घालत राहिले. फसवलं मेलीनं, फसवलं. फार सोयीचं होतं ते.

कमल हिशेब मांडत होती, मला दिसत होतं. त्या खोलीत परकं कोणी जात नाही, हे तिच्यासाठी सूर्य उगवण्याइतकं खरं होतं. मी तिच्या यादीतच नव्हते. का असेन? मी बहीण होते, आणि रीत माहीत असलेली बहीण. मग तिकडची बाई, जिला आत जाता येतं, अशी कोण? अख्ख्या घरात एकच. सगुणावहिनीनं त्याच वर्षी बचतगटातून नवा फोन घेतला होता. कमलनं माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी असंल काय गं?"

आणि मी म्हटलं — असेल.

एवढंच. एक शब्द. त्यानंतर आम्ही राहिलेला चहासुद्धा प्यायलो.

त्या आठवड्यात कमल माहेरी आली. पडवीत बाबा बसले, भाऊ बसला, नात्यातली चार वडीलधारी बसली. वहिनी सारखं एकच म्हणत होती, मी नाई देला फोटो, मी नाई देला. तिला कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. बाबा फार थकल्या आवाजात बोलले — देवखोलीत आता हिचा हात नको. झालं. तिथलं सारवण बंद, तिच्या हातचा नैवेद्य बंद. नव्या धानाचा पहिला भात रांधायला शेजारून चुलतसून यायची आणि वहिनी अंगणात बसून राहायची. त्यांचंही काय चुकलं? त्यांच्या घरात चोरी झाली होती. त्यांनी आपल्यातच चोर शोधला, कारण पाहुणीवर संशय घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी माझ्या खोलीच्या दारात उभी राहून हे सगळं ऐकलं. कमलच्या खांद्यावर हात ठेवला. समजूत काढली तिची!

वर्षभरानं वहिनी माझ्याच शाळेत शिकणाऱ्या लेकीला घेऊन स्वतःच्या माहेरी गेली ती परत नांदायला आली नाही. मी बदली मागून घेतली, आता भद्रावतीकडे असते. बाबा वारले.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी कुरखेड्याला गेले होते. बाजारात वहिनी दिसली, चारोळीचं टोपलं घेऊन बसलेली. मी वाट वाकडी करणार तेवढ्यात तिनंच हाक मारली, "बाई, बऱ्या हाय ना?" शेजारी बसवलं. लेक नर्सिंगला लागली म्हणाली, तुम्ही पाया पक्का करून देला म्हणून. मग चारोळी निवडता निवडता, वर न बघता, तिनं सांगितलं. त्या रविवारी पहाटे तिनं देवखोली ओली सारवून ठेवली होती. दुपारी रानातून आली तर आत एक पाऊल उमटलेलं. घरात मागे मी एकटीच होते. "सासऱ्याले दिसन म्हून मी वरून सारवणाचा पोचारा मारला," म्हणाली. "म्हटलं, पाहुणी बाई हाय, चुकून गेली असंल."

मी विचारलं, मग त्या दिवशी पडवीत माझं नाव काऊन नाही घेतलं?

"तुमी दारातच उभ्या होत्या ना," ती म्हणाली. "मले वाटे, बाई आता सांगतीन. मंग वाटे, उद्या सांगतीन."

वर्षभर ती त्या घरात राहिली ती याचीच वाट बघत. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी लग्नाला गेले, जेवले, शेवटच्या बसनं परत आले. कमल दर रविवारी फोन करते. वहिनीचा विषय निघाला की अजून म्हणते, घरच्याच माणसानं दगा देला वर्षा, आणि मी ऐकून घेते. गेल्या रविवारीही ऐकून घेतलं.