आक्कांचं ‘हाय’

स्क्रीनवर एररची लाल ओळ आली की आक्का खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात त्या सगळ्यांच्या वरिष्ठ. मूळच्या कडेगावच्या, आणि बोलणं शेवटपर्यंत कडेगावचंच. “चूक गिळायची न्हाई रं, सांगायची,” हे त्यांचं पालुपद. त्यांच्यामागे आम्ही नक्कल करायचो.

आटपाडीच्या एका दवाखान्यातून सांगलीतल्या हॉस्पिटलला रुग्णांची माहिती एक्सएमएल फाईलने, म्हणजे ठरावीक रकान्यांच्या साच्यात, जायची. मधली तपासणी आमची. रकान्यात ठरलेला शब्द नसला की फाईल अडायची. पूर्वी नुसतंच ‘फाईल अवैध’ असं यायचं. कोणता रकाना, काय आलं, काय हवं होतं, हे दाखवायला आक्कांनी लावलं. वर बजावायच्या, “तपासणीला शब्द बसतो का एवढंच कळतं. खरं हाय का, ते माणसानं बघायचं.”

एका दुपारी हॉस्पिटलमधून फोनवर फोन सुरू झाले. आटपाडीहून बेशुद्ध आणलेल्या एका बाईंचं ऑपरेशन खोळंबलं होतं आणि त्यांची फाईल आमच्याकडे अडकली होती. “मॅडम, ती तपासणी आत्तापुरती बंद करा,” तिकडचा माणूस कातावला होता. स्क्रीनवर होतं: औषधाची ॲलर्जी, आलेला शब्द ‘हाय’, चालणारे शब्द ‘आहे’ किंवा ‘नाही’.

पुण्याहून नवीन आलेला सागर म्हणाला, “कुणीतरी टेस्टिंगला हाय-हॅलो टाकलंय. ‘नाही’ धरून सोडू या.” त्याचं बोट बटणावर होतं.

“हात काढ,” आक्का म्हणाल्या. “आटपाडीत कोण कुणाला हाय करतंय? हाय म्हंजे आहे.” तरी अंदाजावर न जाता त्यांनी उभ्याउभ्याच आटपाडीला फोन लावला. तिकडच्या दवाखान्यात फाईल भरणारी मुलगी म्हणाली, “हाय की आक्का, पेनिसिलीनची. मागं लय सुजल्या हुत्या, मरता मरता वाचल्या.” आक्कांनी आधी हॉस्पिटलला कळवलं, मग मुलीकडून फाईल दुरुस्त करून मागवली, आणि ती पुढे गेल्यावरच बसल्या.

पुढे त्या साताऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या. आजारी असल्याचं उडत उडत कानावर आलं म्हणून मी फोन केला. “आक्का, तब्येत बरी आहे ना?” म्हणाल्या, “हाय.” आणि लगेच सागरची चौकशी. महिन्याभरात त्या गेल्या. मी फोन केला तेव्हाच डॉक्टरांनी आशा सोडली होती, असं लेकीनं नंतर सांगितलं.

मला अजून त्यांचा राग येतो. आम्हाला कधी चूक गिळू दिली नाही, आणि स्वतःचं दुखणं मात्र त्या एका शब्दात गिळून बसल्या. आता फोनवर घरचं कुणी “बरं हाय” म्हणालं, की मी खुर्चीतून उठून उभा राहतो.