हृदयाचं टोक

मी शिकलो तो सुमनअक्कामुळे. दाजी गेल्यापासून तिचे हात ओकेबोके आहेत.

इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या शनिवारच्या बाजारात एक आयरिश बाई चांदीच्या अंगठ्या विकतात, दोन हातांनी धरलेल्या हृदयाच्या. अंगठी मुठीत दाबूनच बोलतात. स्वतःसाठी मागणाऱ्याला त्या हाकलून देतात, हे मी नेहमी बघतो.

"ही भेटच द्यायची. आल्झो, तर मग, कोणासाठी?"

"विधवा बहिणीसाठी. आमच्याकडे भाऊबीज असते."

"हृदयाचं टोक मनगटाकडे म्हणजे मन गुंतलेलं. नखाकडे म्हणजे मोकळं."

"मग तिनं कशी घालायची?"

"ते तू ठरवणार?" म्हणत त्यांनी मूठ उघडली.

गाव काय म्हणेल, या धास्तीनं अंगठी बरेच दिवस माझ्याकडेच राहिली. शेवटी पाठवली. पत्रात दोन्ही अर्थ सांगून खाली लिहिलं, "अक्के, तुला हवी तशी घाल. आईशी मी बोलतो."